ट्रॉलीचा ब्रेक कुणाच्या खात्यावर?

गेल्या टोमॅटोच्या हंगामात आंबेगाव तालुक्यातला एक तरुण शेतकरी पुण्याला माझ्या घरी आला. निवृत्त बँक अधिकाऱ्याकडे गावाकडून कोणी आले, की कर्जाचे काहीतरी अडले असणार, असे घरातली माणसे धरूनच चालतात. याचे तसे नव्हते. त्याने नुकताच अठरा अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर घेतला होता आणि आता त्याला एक लहान दोनचाकी ट्रॉली बांधून घ्यायची होती. टोमॅटोचे क्रेट नारायणगावच्या बाजारात न्यायचे, येताना खताच्या गोण्या आणायच्या, एवढाच तिचा उपयोग. परदेशात असल्या छोट्या ट्रॉल्यांनासुद्धा विजेवर चालणारे ब्रेक असतात, हे त्याने मोबाइलवर पाहिले होते. गावातल्या वेल्डिंगवाल्याला विचारले, तेव्हा तो हसला. म्हणाला, "ट्रॅक्टरला हायेत ना बिरेक? मग ट्रॉली जाती कुठं त्याला सोडून?"

"साहेब, आमच्या आजोबांच्या ट्रॉलीचं सगळं तुम्हीच बघितलं होतं," तो मला म्हणाला. "ब्रेक बसवावेत का? आणि बसवायचे, तर कोणते?"

'सगळं बघितलं होतं' हे त्याचे शब्द तो गेल्यावरही माझ्या कानांत राहिले. मी सगळे पाहिले होते ही गोष्ट खरी. ब्रेक तेवढा पाहिला नव्हता. तेहतीस-चौतीस वर्षांपूर्वी मी त्या भागात बँकेचा शेतीकर्ज अधिकारी होतो. नंतर कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत ऊसही आला आणि कर्जही आले. ट्रॉलीचा ब्रेक काही आला नाही. म्हणून आज या विषयावर लिहीत आहे. विषय क्षुल्लक वाटेल. चार चाके, एक हौदा आणि पुढे एक हूक एवढ्या सरंजामावर रविवारची सकाळ खर्च करावी का, असेही कुणी विचारील. तथापि, पुणे-नाशिक रस्त्यावर ऊसवाहतुकीच्या दिवसांत रात्री मोटारसायकल चालवणाऱ्या कोणालाही विचारा, तो या विषयाला क्षुल्लक म्हणणार नाही.

जुन्नर आणि आंबेगाव हे सह्याद्रीला टेकलेले तालुके. चढउतार इथल्या रस्त्यांच्या पाचवीला पुजलेले. नाणेघाट याच जुन्नरच्या अंगणात. सातवाहनांच्या काळापासून इथून तांडे कोकणात उतरत. त्या काळापासून परवापरवापर्यंत इथला माणूस माल ओढायला जनावर वापरत होता आणि जनावराचा एक गुण असा, की ते जसे ओढते तसे धरूनही ठेवते. उतार लागला की बैल आपोआप पाय रोवून गाडी मागे रेटतो. जू शिंगांकडे सरकते, बैलाची मान ताठ होते. उतार फारच असेल, तर गाडीवान खाली उतरतो आणि चाकात साखळी अडकवतो, नाहीतर आडवे लाकूड बांधतो. म्हणजे ब्रेक ही वस्तू बैलगाडीलाही होती. ती बैलाच्या अंगात होती आणि गाडीवानाच्या शहाणपणात होती. या भागातल्या बैलगाडा शर्यतींच्या वाटेला 'घाट' म्हणतात, तेही सहज नाही. गाडा चढावर पळवायचा, म्हणजे वेग आवरायचे काम जमीनच करते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये या शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला, तेव्हा इथल्या गावोगावी गुलाल उधळला गेला. वेगाची हौस असलेल्या या माणसांना वेग कुठे थांबवायचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. हे मुद्दाम सांगतो, कारण 'आमच्या शेतकऱ्याला सुरक्षिततेचे भान नाही' असे शहरात बसून म्हणण्याची आपल्याला सवय आहे.

मग बदलले काय? पाणी आले. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावात घोड नदीवर डिंभे अशी पाच धरणे झाली. कालवे वाहू लागले, बाजरी-मटकीच्या रानात ऊस उभा राहिला. जुन्नरला विघ्नहर आणि आंबेगावात पारगावला भीमाशंकर असे दोन सहकारी साखर कारखाने उभे राहिले. ऊस तोडल्यावर लवकर गाळावा लागतो, नाहीतर वजन आणि उतारा दोन्ही घटतात. म्हणून रात्रंदिवस वाहतूक आली, वाहतुकीसाठी ट्रॅक्टर आले आणि ट्रॅक्टरसाठी आम्ही बँकवाले आलो. हे सगळे चांगलेच झाले. या दोन तालुक्यांत पक्की घरे, शाळा-कॉलेजे आणि डोक्याला तेल लावून शाळेत जाणाऱ्या मुली दिसतात, त्यामागे हेच पाणी आणि हाच ऊस आहे. फक्त या घाईत आपण बैल सोडला, तेव्हा त्याच्या अंगातला ब्रेकही त्याच्याबरोबर गोठ्यात राहून गेला.

वेल्डिंगवाल्याचा प्रश्न मात्र चुकीचा म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. ट्रॅक्टरला ब्रेक आहेत, मग ट्रॉलीला वेगळे कशाला? याचे उत्तर ट्रॅक्टरच्या घडणीतच आहे. ट्रॅक्टर हे शेतातले यंत्र. त्याचे ब्रेक सामान्यत: मागच्या दोन चाकांनाच असतात आणि डाव्या-उजव्या चाकाचे पेडल वेगवेगळे असते. शेताच्या बांधाशी चटकन वळता यावे म्हणून ही सोय. रस्त्यावर आले की दोन्ही पेडले पट्टीने एकत्र अडकवायची असतात. ती अडकवायची राहिली आणि घाईत एकाच पेडलवर पाय पडला, तर ट्रॅक्टर एका बाजूला झेप घेतो. मागे लादलेली ट्रॉली असताना ही झेप शेवटची ठरू शकते.

आता बँकवाल्याच्या सवयीने थोडी आकडेमोड करतो. ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा धरू. मागे उसाच्या दोन ट्रॉल्या, मिळून सोळा टन. एकूण अठरा टन झाले. ब्रेक दाबल्यावर रस्त्याला धरून ठेवणारी चाके दोनच, ट्रॅक्टरची मागची. आणि त्यांच्यावरचा भार जेमतेम दीड टन. रबराची आणि डांबराची पकड जमेस धरली, तर या चाकांकडून फार तर एक टनाचा रोध मिळेल. एक टनाने अठरा टन अडवायचे आहेत! ताशी २५ किलोमीटर वेगाने, सपाट आणि कोरड्या रस्त्यावर असे वाहन थांबायला चालकाने पाय उचलून दाबण्याचा वेळ धरून चाळीस-पंचेचाळीस मीटर घेईल. ट्रॉलीच्या सगळ्या चाकांना धड ब्रेक असतील, तर तेच वाहन पंधरा मीटरच्या आत थांबायला हरकत नाही. आता उताराचा विचार करा. डोंगराळ भागातल्या रस्त्याचा नेहमीचा उतार वीसास एक धरतात. म्हणजे अठरा टनांना खाली ओढणारे बळच जवळजवळ एक टन होते. मागच्या चाकांची सारी पकड त्यातच खर्च होते आणि थांबण्यासाठी शिल्लक काही उरत नाही. खात्यावर जमा तेवढीच नावे! चाकांचे स्वत:चे घर्षण थोडीफार मदत करते, तेवढ्यावर माणसाचा जीव. रस्ता ओला असेल, चालकाने डिझेल वाचवायला गिअर काढून ठेवला असेल, तर ती मदतही संपली.

आणि ट्रॉली नुसती ढकलत नाही. ट्रॅक्टर मंद झाला की मागचे वजन हूकवर रेटा देते. तो रेटा सरळ रेषेत राहिला तर ठीक, जरा वाकडा पडला की ट्रॅक्टरची मागची चाके बाजूला सरकतात आणि ट्रॅक्टर आपल्याच ट्रॉलीसमोर आडवा होतो. 'ट्रॉलीने ट्रॅक्टर घातला' असे गावात म्हणतात, ते या अपघाताचे अगदी नेमके वर्णन आहे.

१९९३ च्या फेब्रुवारीत नेमके हेच झाले. घोड नदीच्या पुलाकडे उतरणारा रस्ता, पहाटेची वेळ, मागे उसाच्या दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टर माझ्या कर्जदाराचा, म्हणजे या तरुणाच्या आजोबांचा. चालक हंगामापुरता ठेवलेला, बीडकडचा, विशीतला पोरगा. समोर बैलगाडी दिसली म्हणून त्याने ब्रेक दाबला. ट्रॅक्टर आडवा झाला, पहिली ट्रॉली त्याच्यावर चढली. बैलगाडीतली माणसे वाचली. पोरगा जागीच गेला.

दहा-बारा दिवसांनी आजोबा शाखेत आले. हप्ते पुढे ढकलून हवे होते. माझ्यासमोर बसून ते खूप वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, त्याची आई आली होती. तिला काय सांगू?" मी त्यांना विम्याचे कागद कसे करायचे ते सांगितले. मला तेवढेच येत होते.

संध्याकाळी मी ती फाइल काढली. सातबारा होता, आठ-अ होता, सोसायटीचा बेबाकी दाखला होता. नजरगहाणाचा करार होता. ट्रॅक्टरचे कोटेशन होते, ट्रॉलीचे कोटेशन होते. त्यात हौद्याची लांबी-रुंदी, पत्र्याची जाडी, टायरचा आकार, रंग, इतकेच काय, मागच्या फळीवर नाव रंगवण्याचा खर्चसुद्धा वेगळा दाखवलेला होता. मंजुरीनंतरच्या तपासणीचा फोटो होता. फोटोत ट्रॉलीच्या चाकाला हार घातलेला आहे आणि शेजारी मी उभा आहे. तपासणी अहवालावर माझी सही आहे: 'मालमत्ता समाधानकारक स्थितीत आढळली.' कर्ज पुढे पूर्ण फिटले. आमच्या पुस्तकात ते उत्तम खाते म्हणून बंद झाले.

ही कथा दोष कबूल करून मन हलके करण्यासाठी सांगत नाही. सांगायचे ते वेगळेच आहे. त्या फाइलमध्ये चूक कुठेच नव्हती. आमच्या नमुन्यात ब्रेकची ओळ नव्हती, म्हणून मी विचारले नाही. बँकेने विचारले नाही, म्हणून वेल्डिंगवाल्याने बसवला नाही. ट्रॉलीला बहुधा जुन्या ट्रकचा अ‍ॅक्सल लागतो. त्याचे ब्रेकचे सामान काढून भंगारात घातले की तेवढेच चार पैसे सुटतात. कारखान्याचा संबंध टनाशी. वजनकाट्यावर ऊस मोजतात. विमा उतरवणारा हप्ता मोजतो. प्रत्येकजण आपापल्या रकान्यापुरता प्रामाणिक होता. नुकसान सोसणारे दोघेच, उताराला स्टिअरिंगवर बसलेला पोरगा आणि समोरून येणारा अनोळखी माणूस. आमच्यापैकी कोणाच्याच फाइलमध्ये या दोघांचे नाव नव्हते.

कायदा नाही म्हणावे, तर तसेही नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने 'मोटार वाहन' या शब्दाच्या व्याख्येतच ट्रेलर घातला आहे. कायद्याच्या लेखी ट्रॉली हे ट्रॅक्टरचे शेपूट नाही, ते स्वतंत्र वाहन आहे. १९८९ च्या केंद्रीय नियमांत शेतीच्या ट्रेलरची व्याख्या आहे आणि ट्रेलरच्या ब्रेकसाठी वेगळा नियमही आहे. अडचण अंमलबजावणीच्या वाटेवर आहे. शेतीचा ट्रॅक्टर बिगर-वाहतूक वाहन म्हणून नोंदला जातो. त्यामुळे ट्रकला ठराविक मुदतीने योग्यता-तपासणीसाठी जसे हजर व्हावे लागते, तसे त्याला होत नाही. शेतकऱ्याला छळ नको म्हणून ही सवलत दिली आणि नांगर ओढणाऱ्या ट्रॅक्टरपुरती ती रास्तच आहे. पण तोच ट्रॅक्टर वर्षातले पाच महिने करार करून, उचल घेऊन, टनामागे भाडे घेऊन राज्यमार्गावर अठरा टन ओढतो, तेव्हा तो शेतकरी असतो की वाहतूकदार? हा प्रश्न आपण सगळ्यांनी मिळून न विचारता सोडून दिला आहे, कारण उत्तर दिले की कुणाला तरी खर्च करावा लागेल.

मधल्या काळात काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. हंगामाच्या सुरुवातीला कारखान्यांवर परिवहन खात्याची आणि पोलिसांची माणसे येतात, चालकांना चार शब्द सांगतात, ट्रॉल्यांच्या मागे लाल रेडियमच्या पट्ट्या चिकटवतात. खेड घाट आणि नारायणगाव इथे बाह्यवळणे झाली, रस्ते रुंदावले. रेडियमने जीव वाचतात, त्याबद्दल शंका नाही. पण पट्टीचा अर्थ नीट पाहा. ती मागून येणाऱ्याला सांगते, 'मी इथे आहे, तू सांभाळ.' ब्रेक सांगतो, 'मी सांभाळतो.' पहिली गोष्ट काही रुपयांत होते, दुसरीला काही हजार लागतात. आपण पहिलीवर थांबलो आहोत. आणि रस्ता रुंद झाला म्हणजे मोटारी ताशी शंभरने धावणार. त्यांच्यामध्ये ताशी वीसने चालणारी, चटकन थांबू न शकणारी ट्रॉली आधीपेक्षा जास्त धोक्याची होते, कमी नव्हे. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली, असे केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात कानपूरजवळ यात्रेकरूंनी भरलेली ट्रॉली तळ्यात उलटली आणि पंचविसाहून अधिक माणसे गेली. नंतर चर्चा झाली, ती ट्रॉलीत माणसे बसवू नयेत याची. ती रास्तच होती. ट्रॉली कशी बांधलेली असावी, याची चर्चा मात्र तेव्हाही फारशी ऐकू आली नाही.

तंत्र अवघड आहे म्हणून हे अडले, असेही नाही. ज्या जुन्नर तालुक्यात खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आकाशाचा कानोसा घेत उभ्या आहेत, तिथे ट्रॉलीच्या ब्रेकचे तंत्र परके कसे म्हणावे? रेल्वेने हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी सोडवला. सुरुवातीला रेल्वेतही इंजिनाला ब्रेक असे आणि डब्यांवर माणसे बसून हाताने चाके आवळत. १८६९ मध्ये अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसने हवेच्या दाबावर सगळ्या डब्यांना ब्रेक लावण्याची युक्ती काढली आणि तीन-एक वर्षांत तिच्यात महत्त्वाची सुधारणा केली: नळी तुटली, डबा सुटला, तर ब्रेक आपोआप लागावा. आपण गाडीची साखळी ओढतो तेव्हा हेच तत्त्व कामाला येते. ओढणाऱ्यावर विसंबू नये, ओढल्या जाणाऱ्याला स्वत:चा ब्रेक असावा आणि दोघांची ताटातूट झाली तर तो आपोआप लागावा. ट्रॉलीच्या ब्रेकबद्दल जे काही सांगण्यासारखे आहे ते या एका वाक्यात येते.

त्या तरुणाच्या प्रश्नाकडे आता वळतो. त्याने मोबाइलवर पाहिलेला विजेचा ब्रेकही काही आजचा नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बेलॉइट गावी आर्थर वॉर्नर नावाच्या गृहस्थाने १९२७ मध्ये त्याचा कारखाना काढला. गंमत अशी की, मोटारीचा वेग दाखवणारे यंत्र बनवणारा म्हणून हाच माणूस आधी नावारूपाला आला होता. या ब्रेकची रचना सोपी आहे. चाकाच्या ड्रममध्ये एक विद्युतचुंबक असतो. चालकाने ब्रेक दाबला की नियंत्रकातून त्याला वीज जाते, चुंबक फिरत्या ड्रमला चिकटू पाहतो, ड्रमबरोबर जरा ओढला जातो आणि त्या ओढीने एक दांडी हलून ब्रेकचे शू ड्रमवर दाबले जातात. एका चुंबकाला साधारण तीन अँपिअर वीज लागते. दोन चाकांना सहा-सात. ट्रॅक्टरच्या बारा व्होल्टच्या बॅटरीला ती जड नाही. याचा मोठा गुण असा, की नियंत्रकावरची दांडी सरकवून नुसत्या ट्रॉलीचाच ब्रेक लावता येतो. ट्रॉली मागे हेलकावे घेऊ लागली तर तिला आधी आवरता येते. ट्रॉलीवर एक छोटी बॅटरी आणि एक खुंटी ठेवतात. हूक सुटला की दोरीने खुंटी उपसली जाते आणि ब्रेक लागतो.

दुसरा प्रकार ओव्हररन ब्रेकचा. त्यात वीज नाही, नियंत्रक नाही. ट्रॉलीचा पुढचा दांडा सरकता असतो. ट्रॅक्टर मंदावला की ट्रॉली पुढे रेटते, दांडा आत जातो आणि त्याच हालचालीने ट्रॉलीचे ब्रेक लागतात. जो रेटा ट्रॅक्टरला आडवा करतो, त्यालाच कामाला लावण्याची ही युक्ती. युरोपात ७५० किलोंहून अधिक वजनाच्या मोटार-ट्रेलरला ब्रेक सक्तीचा आहे आणि साडेतीन टनांपर्यंत हा प्रकार चालतो. दोष दोन. ट्रॉली मागे घेताना ब्रेक लागतो, त्यासाठी अडकण ठेवावी लागते आणि ती नंतर आठवणीने काढावी लागते. दुसरा, लांब उतारावर ब्रेक सतत घासत राहतो आणि तापतो. तिसरा प्रकार ट्रॅक्टरच्या तेलाच्या किंवा हवेच्या दाबावर चालणारा. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांना खरे म्हणजे हाच योग्य. दहा-पंधरा टनांचा रेटा नुसत्या सरकत्या दांड्यावर सोपवू नये.

या मुलाचा हिशेब करून पाहिला. वीस किलोचा एक याप्रमाणे पंच्याहत्तर क्रेट म्हणजे दीड टन. ट्रॉलीचे स्वत:चे अर्धा टन. छोटा ट्रॅक्टर एक टनाच्या आतबाहेर. म्हणजे मागचे वजन पुढच्याच्या दुप्पट झाले. 'लहान ट्रॉली' या शब्दावर जाऊ नये. ट्रॅक्टरही लहानच असतो. त्याला सांगितले, ब्रेक हवाच. दुरुस्ती गावात व्हायला हवी असेल तर ओव्हररन घे, त्याला हाताने लावायचा पार्किंग ब्रेक आणि हूक सुटला तर ब्रेक ओढणारी तार जोडून घे. वीजवाला घ्यायचा, तर त्याची देखभाल तुझी तुला करावी लागेल.

ही देखभाल थोडी विस्ताराने सांगतो, कारण ब्रेक बसवून विसरणे हे न बसवण्याहून वाईट. असलेला ब्रेक लागत नाही हे माणसाला उतारावरच कळते. वीजवाल्या ब्रेकचे बहुतेक दुखणे तारांचे असते. परतीची वीज हूकच्या लोखंडातून आणू नये, गंजाने ती तुटपुंजी होते. वेगळी तार घालावी आणि सांधे चिखलापाण्यापासून झाकावेत. हंगामाआधी चाक जॅकवर उचलून हाताने फिरवावे; शू घासेपर्यंत आवळून मग किंचित सैल करावेत. नवे लायनर बसले की काही दिवसांनी हेच पुन्हा करावे. बेअरिंगचे ग्रीस गळून लायनरवर आले, तर लायनर धुऊन वापरू नये, बदलावे. चुंबकाचे तोंड एका बाजूने झिजले असेल तर तोही बदलावा. खुंटी उपसून पाहावी आणि चाक हाताने फिरते का ते बघावे. फिरले तर ट्रॉलीवरची बॅटरी उतरलेली आहे. रिकाम्या ट्रॉलीला जोर कमी लागतो, भरलेलीला जास्त. त्याप्रमाणे नियंत्रक बदलावा. ओव्हररनचे काम त्याहून सोपे: सरकत्या दांड्याला ग्रीस, दांडीची नटे, लायनर. आणि दोन्ही प्रकारांत, ट्रॅक्टरची दोन पेडले रस्त्यावर येताना पट्टीने अडकवणे. त्याला तर एक पैसाही लागत नाही.

आता वेल्डिंगवाल्याला हे सगळे कोण शिकवणार? नारायणगावला ग्रामोन्नती मंडळाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. शेजारच्या शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. खेड्यातल्या शाळा सुटलेल्या मुलांना हाताने काम करत विज्ञान शिकवायचे, हा त्यांचा ध्यास. तिथे 'मेकबुल' नावाचा छोटा ट्रॅक्टरही बनला. ज्या मातीत ट्रॅक्टर घडू शकतो तिथे ब्रेकचा दांडा घडणार नाही, हे मी मानायला तयार नाही. मागणी आली की वेल्डिंगवाला आठ दिवसांत शिकेल. ती यायची कुठून, एवढेच ठरवायचे आहे.

माझ्या मते ती तीन ठिकाणांहून येईल आणि तिन्ही ठिकाणी नवा कायदा लागत नाही. पहिले बँकेचे टेबल. ट्रॉलीच्या कोटेशनमध्ये ब्रेकची वेगळी ओळ नसेल तर कर्ज मंजूर करू नये आणि त्या ओळीपुरते कर्ज शेतकऱ्याच्या स्वत:च्या हिश्शाची अट न घालता द्यावे. दुसरे कारखान्याचा वाहतूक करार. हंगामाआधी वाहनांची नोंद होतेच. नव्या ट्रॉलीला पहिल्या दिवसापासून आणि जुनीला दोन-तीन हंगामांची मुदत देऊन ब्रेक सक्तीचा करावा, खर्च वाहतुकीच्या बिलातून हप्त्याने कापावा. तिसरे वजनकाटा. या दोन तालुक्यांतली उसाची प्रत्येक ट्रॉली आणखी कुठे थांबो न थांबो, काट्यावर थांबतेच. भरलेलीही आणि रिकामीही. तिथे पंधरवड्यातून एकदा ब्रेक पाहायला एक माणूस ठेवणे सहकारी कारखान्याला जड जाऊ नये. सहकार म्हणजे नुसता भाव वाटून घेणे नव्हे, जोखीमही वाटून घ्यायची असते.

आक्षेप येईल की, शेतकरी आधीच पिचलेला आहे, त्याच्यावर आणखी बोजा कशाला? हा आक्षेप मी तीस वर्षे टेबलाच्या पलीकडून ऐकला आणि अनेकदा स्वत:ही केला. त्यात तथ्य आहे, म्हणूनच खर्च एकट्या शेतकऱ्यावर टाकू नये असे म्हणतो. पण ब्रेक नसल्याचा खर्च होतच नाही, असे थोडेच आहे? तो होतो. फक्त त्याचे बिल बीडकडच्या कुठल्यातरी वाडीत, एखाद्या आईच्या नावावर जाते आणि आपल्या वहीत दिसत नाही.

त्या तरुणाचा परवा फोन आला. त्याने ओव्हररन ब्रेक घ्यायचे ठरवले आहे. वेल्डिंगवाला आधी नको म्हणत होता, मग कागदावर आकृती काढून मागू लागला. कोटेशनमध्ये रंगाच्या आणि नावाच्या ओळीआधी एक नवी ओळ घातली आहे: 'ब्रेक, दोन चाके, पार्किंग दांडीसह.' बँकेतल्या साहेबांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून विचारले, की हे कशासाठी, याची गरज आहे का?

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारले.

"आजोबांच्या ट्रॉलीचं सांगितलं," तो म्हणाला. "त्यांनी कागद ठेवून घेतलाय. मंजुरी अजून यायचीय."